व्हिएन्ना चार दिवसांत: स्वतः हिंडताना कुठे चुकतं आणि ते कसं टाळायचं

दर मार्चमध्ये माझ्या व्हॉट्सॲपवर दोन-तीन तरी एक्सेल फायली येऊन पडतात. कधी मावसभावाची, कधी ऑफिसातल्या मैत्रिणीची, एकदा तर सोसायटीतल्या काकांची. नाव ‘युरोप फायनल’, आत बारा दिवसांत सात शहरं, आणि खाली एक ओळ: “बघ गं जरा, जमेल ना?”

जमतं. पण शहर बदलायच्या एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी अकराला खोली सोडायची, बॅगा ओढत स्टेशन गाठायचं. व्हिएन्नाहून प्राग म्हटलं तरी चार तासांची गाडी. उतरल्यावर नव्या शहराचं तिकिटाचं यंत्र समजून घ्यायचं, पत्ता शोधायचा, किल्ली ताब्यात घ्यायची. संध्याकाळ झालीच. सात शहरं म्हणजे असे सहा दिवस. बारातले सहा गेले, उरलेल्या सहांत सात शहरं.

म्हणून हा सगळा खटाटोप एका शहरासाठी आणि पूर्ण चार दिवसांसाठी आहे. व्हिएन्ना घेतलंय, कारण तिथे दोन फेऱ्यांत मी बहुतेक सगळ्या चुका करून घेतल्या आणि तिसऱ्या फेरीत आई-बाबांना घेऊन गेले. गावांची नावं बदलतील, पण क्रम हाच ठेवा. गडबड बहुतेकदा क्रमात होते.

## १. आधी वार, मग तारीख

तिकीट स्वस्त मिळालं म्हणून लोक तारीख धरतात आणि वार बघतच नाहीत. युरोपात सगळा खेळ वारांचा आहे.

रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात. मॉल, कपड्यांची दुकानं, किराणा, सगळं. उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची. नाशमार्क्ट हा शहरातला मोठा बाजारही रविवारी बंद. हॉटेलं, कॅफे, म्युझियमं, ट्राम मात्र चालू. कुन्स्टहिस्टोरिशेस हे चित्रांचं मोठं म्युझियम उन्हाळ्याचे महिने सोडले तर सोमवारी बंद असतं आणि गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं. पॅरिसला जाणार असाल तर लूव्र मंगळवारी बंद आणि ऑर्से सोमवारी. व्हॅटिकनची म्युझियमं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद.

शिवाय सुट्ट्या आहेतच. १ मे, १५ ऑगस्ट, २६ ऑक्टोबर, ईस्टरचा सोमवार, २५ आणि २६ डिसेंबर. यांतला एखादा शनिवारी किंवा सोमवारी आला की रविवारला जोडून दोन दिवस दुकानाचं शटर वर जात नाही.

तेव्हा कागदावर चार चौकोन आखा, वर वार लिहा, आणि त्या त्या दिवशी काय बंद आहे ते आधी लिहा. उघडं काय ते नंतर. मला विचाराल तर बुधवारी उतरा आणि रविवारी किंवा सोमवारी निघा. गुरुवारची लांब संध्याकाळ म्युझियमला, शनिवारी नाशमार्क्टशेजारचा जुना बाजार, रविवार बागा आणि टेकड्यांसाठी.

उजेड तपासा. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात चारला. डिसेंबरच्या आराखड्यात ‘संध्याकाळी ६, टेकडीवरून शहराचं दृश्य’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

## २. व्हिसाची फाईल: काय आधी बुक करायचं, काय नाही

इथे लोक दोन टोकांना जातात. एक तर सगळं पैसे भरून पक्कं करतात आणि व्हिसा उशिरा येतो, किंवा काहीच करत नाहीत आणि फाईल अर्धवट राहते. क्रम असा ठेवा:

१) राहायची जागा बुक करा, पण फुकट रद्द करता येईल अशीच.
२) विमानाचं आरक्षण करा. परतावा नसलेलं तिकीट व्हिसाआधी काढू नका.
३) प्रवास विमा काढा. वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं आणि प्रवासाचे सगळे दिवस त्यात यायला हवेत.
४) दिवसवार आराखडा आणि अर्जासोबतचं पत्र, बँकेचे उतारे, आयकर विवरण, पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र.
५) मग अर्ज.
६) व्हिसा हातात आल्यावरच रेल्वेची स्वस्त तिकिटं आणि म्युझियमच्या वेळा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. एरवी निर्णयाला पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा तीन महिने आधी लागा. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना फी नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार तिथे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे. ‘अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ असं ऐकून तिकडे अर्ज टाकायचा आणि चार दिवस व्हिएन्नात काढायचे, हा उद्योग करू नका. फाईलमधल्या बुकिंगांवरून ते लगेच कळतं.

व्हिसा हातात आला की तिथेच वाचा. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: कधीपासून कधीपर्यंत चालेल, आणि त्या काळात एकूण किती दिवस राहता येईल. दुसरा आकडा लोक बघत नाहीत. उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही मोजले जातात. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो एक दिवस गेला.

## ३. राहायची जागा

‘अगदी मध्यात’ राहायचा हट्ट सोडा. व्हिएन्नाचा पहिला जिल्हा महाग आहे, आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवर कुठेही राहिलात तरी मध्यात पोचायला पंधरा मिनिटं पुरतात.

पत्ता वाचायला शिका. पिनकोड चार आकडी असतो आणि मधले दोन आकडे म्हणजे जिल्हा. १०१० म्हणजे पहिला, १०७० म्हणजे सातवा, ११०० म्हणजे दहावा. चौथा, सहावा, सातवा हे जिल्हे राहायला झकास: ट्राम, बेकऱ्या, कॅफे दाराशी. मुख्य स्टेशनाजवळ राहिलात तर सकाळची गाडी सोपी पडते आणि रविवारीही किराणा मिळतो. ‘व्हिएन्नापासून जवळच’ म्हणणारी स्वस्त जागा पिनकोडवरूनच ओळखू येते. सुरुवातीला १ नसेल तर ती शहराबाहेर आहे.

पत्त्यात १२/२/९ असं काही दिसलं तर ते इमारत, जिना आणि दाराचा नंबर असं वाचायचं.

आता मजल्यांची गंमत. जुन्या इमारतींत तळमजल्यावर ‘होखपार्टेर’ आणि त्याच्यावर ‘मेत्सानीन’ असे दोन अर्धेमुर्धे मजले असतात आणि त्यानंतर पहिला मजला सुरू होतो. म्हणजे बुकिंगमध्ये दुसरा मजला लिहिलेला असला तरी पायांना तो चौथा लागतो. बाबांनी तिथे उभं राहून शांतपणे विचारलं होतं, “हा दुसरा?” तेव्हा ‘लिफ्ट आहे’ हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. लिहिलेलं नसेल तर ती नाही असं धरा.

## ४. बॅग

कपड्यांबद्दल मी काही सांगणार नाही, ते तुम्ही ऐकणार नाही. खाण्याबद्दल मात्र ऐका.

युरोपीय संघाबाहेरून येताना सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आपल्या भाषेत: तूप, पनीर, खवा, पेढे, बर्फी, चक्का घरी ठेवा. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे लेकीसाठी हापूसची पेटी नेणाऱ्यांनी मन घट्ट करावं. सवलत आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. नारळ चालतो आणि आंबा नाही, हे आईला अजून पटलेलं नाही.

भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, तेलात केलेल्या कोरड्या चटण्या, चहाची पूड बिनधास्त न्या. पहिल्या फेरीत मी रविवारी दुपारी उतरले होते आणि घरात साखरेचा दाणा नव्हता. रात्रीचं जेवण म्हणजे भडंग आणि नळाचं पाणी.

पाण्यासाठी एक रिकामी बाटली ठेवा. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, चवीला उत्तम आणि थंडगार. रस्त्यावरही पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. दर दुकानात बाटली विकत घेणं म्हणजे पैसे नाल्यात.

जोडे घरी निदान दोन आठवडे वापरून मऊ केलेले न्या. नवे कोरे बूट युरोपात पहिल्यांदा घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी कॅफेत बसून असतो.

निघायच्या आधी: कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करा. भारतातलं सिम चालू राहील आणि त्यावर एसएमएस येईल असं बघा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नुसतं तिकडचं ई-सिम घेऊन गेलात तर नेट असतं आणि तिकिटाचे पैसे भरता येत नाहीत. आपले दोन गोल पिनांचे चार्जर बहुतेक ठिकाणी बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत.

## ५. विमानतळ ते घर

पासपोर्टच्या रांगेला आता वेळ लागतो. शिक्क्याच्या जागी संगणकीय नोंद आली आहे, फोटो काढतात, बोटं तपासतात. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट फोनमध्ये न ठेवता कागदावर हातात ठेवा. फोनची बॅटरी रांगेतच संपते.

बाहेर पडलात की ‘सिटी एअरपोर्ट ट्रेन’ या खास गाडीच्या हिरव्या पाट्या दिसतात: १६ मिनिटांत शहरात, मध्ये न थांबता. चकचकीत आहे, पण तिचं तिकीट वेगळं आणि महाग. त्याच विमानतळावरून राष्ट्रीय रेल्वेच्या साध्या गाड्याही सुटतात. त्यांना थोडा जास्त वेळ लागतो, पैसे बरेच कमी. चौघांच्या कुटुंबाला फरक नीट जाणवतो. मार्गावर अधूनमधून कामं निघतात, म्हणून त्या दिवशीच्या गाड्या रेल्वेच्या ॲपवर बघूनच ठरवा.

थांबा: शहराचा पास विमानतळाला चालत नाही. तो शहराच्या हद्दीपर्यंतच असतो. पास असेल तर हद्दीपासून विमानतळापर्यंतचं वाढीव तिकीट काढावं लागतं. जाताना हे लक्षात राहतं, परतीच्या दिवशी मात्र हमखास विसरतं.

## ६. तिकीट काढणं आणि तिकीट सुरू करणं

सगळ्यांत जास्त पैसे इथे जातात, म्हणून सावकाश वाचा.

व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेला फाटक नाही. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. कागदी तिकीट काढल्यावर ते सुरू करावं लागतं. स्टेशनात शिरताना कठड्याशी निळा डबा असतो. त्याच्या फटीत तिकिटाचं टोक सारलं की खट्ट आवाज येतो आणि तारीख-वेळ छापली जाते. ट्राममध्ये आणि बसमध्ये डबा गाडीच्या आत असतो. तो आवाज ऐकला नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही, कागद आहे.

पहिल्या फेरीत माझ्याकडे तो कागद होता. चार स्टेशनांनंतर साध्या कपड्यातला एक माणूस समोर उभा राहिला आणि बिल्ला दाखवला. मी अभिमानाने तिकीट पुढे केलं. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, आणि मान हलवली. “मी पर्यटक आहे, मला माहीत नव्हतं” हे वाक्य तो दिवसातून पन्नासदा ऐकत असणार. दंड शंभर युरोंच्या वर गेला. चूक माझीच.

क्रम पाठ करा:

१) किती दिवसांचा पास हवा ते ठरवा. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा चढ-उतार असेल तर पास, नाहीतर सुटी तिकिटं.
२) पास पहिल्यांदा गाडीत चढताना एकदाच छापा. पुन्हा छापला की छाप एकमेकांवर येतात आणि तपासनिसाला काहीच वाचता येत नाही.
३) मोबाइलवर काढलं असेल तर छापायची गरज नाही, पण ते गाडीत चढायच्या आधी काढलेलं हवं. तपासनीस दिसल्यावर काढलेलं चालत नाही.
४) आठवड्याचा पास घेत असाल तर तो आठवडा कधी सुरू होतो ते आधी वाचा. काही शहरांत तो सोमवारीच सुरू होतो. गुरुवारी घेणाऱ्याचं नुकसान.

प्रागमध्येही हाच नियम, डबे फक्त पिवळे. इटलीत कागदी प्रादेशिक रेल्वे तिकीट फलाटावर छापावं लागतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. काही गाड्यांचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं किंवा दांडा ओढावा लागतो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांना सोडायची. सहा जणांच्या मराठी कुटुंबाने दोन-दोनच्या जोड्या करून गप्पा मारत जिना अडवला की मागे जी शांतता पसरते, ती शिवीपेक्षा जड असते.

## ७. दिवसाचा आराखडा: एक वेळ बांधलेली, बाकी मोकळी

माझा नियम सोपा आहे. दिवसात एकच गोष्ट घड्याळाला बांधलेली हवी. दुसरी बांधलीत की दिवसभर पहिलीतून लवकर निघायची घाई.

पहिला दिवस तर काहीच बांधू नका. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. तिकडे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा शरीर मध्यरात्रीत असतं. पण झोपायचं नाही. ट्राममध्ये बसा. जुन्या शहराभोवती रिंगश्ट्रासं हा चौडा रस्ता आहे. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ, सगळं त्याच्या काठाने. एकच ट्राम पूर्ण फेरी मारत नाही. १ आणि २ या दोन मिळून ती होते, श्वेडेनप्लाट्झला बदलायची. खिडकीशी बसून पाऊण तासात शहराचा नकाशा डोक्यात बसतो आणि पाय शाबूत राहतात. पर्यटकांच्या लाल-पिवळ्या बसला यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

दुसऱ्या दिवसापासून बांधलेली गोष्ट सकाळी ठेवा. श्योनब्रुन राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं. पहिल्या तासातलं घ्या, नंतर टूरच्या बसगाड्या येतात. वेळ उलटली तर आत सोडतीलच असं नाही. बाग मात्र फुकट आहे आणि साडेसहाला उघडते. सातला जाऊन टेकडीवरच्या ग्लोरिएटपर्यंत चढा, खाली उतरेपर्यंत राजवाड्याची वेळ होते. हे उलट केलं, म्हणजे आधी राजवाडा आणि मग भर उन्हात टेकडी, तर आईवडील अर्ध्यावर बसतात. माझे बसले.

वेळ मिळवायची धडपड सगळीकडे सारखी नसते. व्हिएन्नात दोन-चार दिवस आधी बुक केलं तरी बहुतेकदा भागतं. पण ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात आणि झटकन संपतात. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत दाखवतात. ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रात तिकिटावर नाव असतं आणि पासपोर्ट तपासतात. अशी एखादी गोष्ट यादीत असेल तर आधी ती, मग तिच्याभोवती बाकी सगळं.

तपासा: तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढताय ना? शोधयंत्रात वर येणारे पहिले दोन-तीन दुवे अनेकदा दुप्पट किमतीत विकणाऱ्यांचे असतात.

## ८. म्युझियम: तीन तास, त्याहून नाही

म्युझियमात पहिल्या दालनापासून शिस्तीत सुरुवात करणारे लोक तिसऱ्या तासाला डोळे मिटून चालतात. उलट करा. काय बघायचंय ते आधी ठरवा आणि थेट तिथे जा.

कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये पहिल्या मजल्यावर ब्रॉयगेलचं दालन आहे. त्या चित्रकाराची एवढी चित्रं एकत्र जगात दुसरीकडे नाहीत. गुरुवारी संध्याकाळी सातनंतर जा, गर्दी ओसरलेली असते. १५६५ सालचं ‘बर्फातले शिकारी’ शोधा आणि समोर दहा मिनिटं बसा. सगळे लांबून बघतात, फोटो काढतात, सरकतात. जवळून बघा: तीन शिकारी, मागे कुत्र्यांचा भलामोठा कळप, माना खाली घातलेला, आणि एवढ्या सगळ्यांची दिवसभराची कमाई म्हणजे एकाच्या खांद्यावर लटकलेला एक किरकोळ कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एका कडीवरून निसटून लोंबकळतेय. खाली दूर गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसं खेळतायत. बाबा, ज्यांना चित्रं ‘कळत नाहीत’, ते तिथे वीस मिनिटं बसले आणि म्हणाले, “हात हलवत घरी चाललेत बिचारे.”

तेवढ्यावर त्या दिवशीचं म्युझियम वसूल. मन झालं तर अजून दोन दालनं, नाहीतर बाहेर.

मोठी बॅग आणि छत्री आत नेऊ देत नाहीत. कोट-बॅगा ठेवायच्या खोलीत ठेवा. आणि निघताना तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या. बाहेर त्यासाठी पन्नास सेंट किंवा युरो लागतो, तोही अनेकदा नाण्यात. एक-दोन नाणी खिशात वेगळी ठेवायची सवय लावा.

## ९. खाणं

शाकाहारी लोकांना व्हिएन्नात उपाशी राहावं लागत नाही, पण नावावर जाऊ नका. ‘केझं’ म्हणजे चीज. म्हणून ‘केझंक्रायनर’ मागवणारी शाकाहारी माणसं मला माहीत आहेत. ते डुकराच्या मांसाचं सॉसेज आहे, आत चीजचे तुकडे. सूप निरागस दिसतं, पण ‘फ्रिटाटनझुपे’सारखी साधी सुपं गोमांसाच्या रश्शात असतात. मांस दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका, ‘वेगेटारिश’ हा शब्द उच्चारून विचारा.

एक उपयोगी गोष्ट मेनूकार्डातच असते आणि कोणी बघत नाही. ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी पदार्थापुढे बारीक अक्षरं छापलेली असतात. ती ॲलर्जीची खूण आहे: ए म्हणजे ग्लुटेन, सी म्हणजे अंडं, डी मासे, जी दूध, एच सुकामेवा. अंडं न खाणाऱ्यांनी सी बघून पदार्थ वगळायचा. ‘केझंश्पेत्सलं’ म्हणजे चीज घातलेल्या शेवया, सगळे सुचवतात, पण पिठात अंडं असतं. ‘कायझरश्मार्न’ या जाड गोड धिरड्याच्या तुकड्यांतही भरपूर अंडी. सफरचंदाच्या श्ट्रूडलमध्ये अनेकदा सी नसतो. कार्ड बघा.

कॅफेत जागा स्वतः शोधून बसायचं. मेलांज मागवा, म्हणजे निम्मी कॉफी, निम्मं वाफाळलेलं दूध. चांदीसारख्या तबकात पाण्याच्या ग्लासासह येते. एका कॉफीवर दोन तास पेपर वाचत बसलात तरी कोणी बिल आणून आपटत नाही. त्याचीच दुसरी बाजू अशी की तुम्ही मागेपर्यंत बिल येतच नाही. चाळीस मिनिटं ‘हा माणूस बिल का देत नाही’ म्हणून चिडत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. “त्सालेन, बिटे” म्हणा. टीप टेबलावर ठेवत नाहीत. बिल १८.४० असेल तर नोट देताना “वीस” म्हणायचं, उरलेलं त्याचं.

यंत्र ‘रुपयांत द्यायचे की युरोंत’ असं विचारेल. नेहमी युरो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून लोक तो दाबतात आणि वाईट दराने पैसे कापले जातात. एटीएमवरही हेच.

## १०. रस्त्यावर

चालायचं ठरवलं असेल त्या दिवशी दोनच मोहल्ले धरा. लाल दिवा असताना गाडी नसली तरी लोक थांबतात, तुम्हीही थांबा. रिंगश्ट्रासंच्या कडेने सायकलींची पट्टी असते. फोटोसाठी मागे-मागे सरकत त्यात शिरणं ही पर्यटकांची खास चूक. घंटा ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

शहराच्या मध्यातल्या श्टेफान्सप्लाट्झ चौकात मोत्सार्टच्या काळातले विग आणि झगे घातलेले तरुण मैफलीची तिकिटं विकतात. ते पर्यटकांसाठीचे कार्यक्रम असतात. खरी हौस असेल तर राज्य ऑपेराची उभ्याची तिकिटं त्याच दिवशी, स्वस्तात मिळतात. जागा धरायची पद्धत आपल्या एसटीसारखीच: कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि फिरून यायचं. त्या स्कार्फला कोणी हात लावत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो.

पाकीट मागच्या खिशात नको. सही मागणारी वही किंवा रस्त्यात ‘सापडलेली’ अंगठी घेऊन कोणी जवळ आलं तर हसून पुढे चला. पासपोर्ट खोलीत कुलपात ठेवा, छायाप्रत जवळ बाळगा. अडचणीत ११२.

रविवारी, दुकानं बंद असताना, डी ट्रामने शेवटच्या थांब्याला नुसडोर्फला जा आणि द्राक्षमळ्यांतून कालेनबेर्ग टेकडी चढा. गुडघे दुखत असतील तर यू-४ या भुयारी रेल्वेच्या हायलिगेनश्टाट स्टेशनाहून ३८ए बस वरपर्यंत नेते. उतरताना ज्या घरावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसेल तो ‘हॉयरिगर’, म्हणजे मळेवाल्याचा वाइनचा गुत्ता, उघडा आहे. आतल्या बाकावर बसून त्यांच्याच मळ्यातली वाइन मिळते, न पिणाऱ्यांना द्राक्षांचा रस.

## ११. परतीचा दिवस

खोली अकराला सुटते आणि विमान रात्री. बॅगा स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका, घरमालकाच्या जिन्यात नको.

एका बिलावर ७५ युरोंच्या वर खरेदी झाली असेल तर दुकानातच करपरताव्याचा कागद भरून घेतलेला असायला हवा. विमानतळावर आधी सीमाशुल्काकडे जा, वस्तू दाखवा, कागद मंजूर करून घ्या आणि मगच बॅग चेक-इनला द्या. बॅग पट्ट्यावरून गेली की दाखवायला काही उरत नाही. आईची शाल अशीच पुढे गेली आणि आम्ही कोरा कागद घेऊन काउंटरवर उभे.

पासच्या हद्दीपुढचं वाढीव तिकीट काढलंत ना?